केळीच्या मुळांतले काळे ठिपके

मागच्या रविवारी स्क्रीनवर तुम्ही दोघांनी माझी बोटं पाहिलीत आणि तुमची आई मध्येच ओरडली, "आई, बोटं काळी का पडलीत? साखर तपासली होतीस का?" मी हात खाली घेतला. त्यामुळे तिचा संशय कमी होण्याऐवजी वाढला. नंतर तिने तुमच्या आजोबांना वेगळा फोन करून विचारलं, की आई काही लपवते आहे का. आजोबांनी सांगितलं, "लपवते आहे, पण आजार नाही." एवढ्या उत्तराने कोणाचं समाधान होईल?

तो डाग सिल्व्हर नायट्रेटचा आहे. हे चांदीपासून केलेलं रसायन दिसायला मिठासारखं पांढरं असतं, पण कातडीवर पडून उजेड लागला की काळं होतं आणि मग साबणाने, लिंबाने, कशानेच जात नाही. वरची कातडी आपोआप झडेपर्यंत ते मिरवावं लागतं. निवृत्त झालेल्या बाईच्या हाताला ते का लागावं, हे आता नीट लिहूनच पाठवते. यात तुमचे सावद्याचे नाना आजोबा आहेत, एक फार गोड बोलणारा माणूस आहे, आणि पेशीतली ती गोष्ट आहे जिच्याबद्दल थोरलीच्या पुस्तकात 'केंद्रकातला गडद ठिपका' एवढंच लिहिलेलं आहे. तिने मला ते वाचून दाखवलं तेव्हाच ते वाक्य मला आवडलं नव्हतं.

नाना आजोबा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. सारं गाव त्यांना नाना म्हणतं. माझे ते दीर, म्हणून मी भाऊजी म्हणते. त्यांची केळी सावद्याच्या बाहेर, रस्त्यालगत आहे. पावसाळा सरला की तिकडे नव्या केळीची लागवड करतात, तिला कांदेबाग म्हणतात. त्या लागवडीच्या थोडं आधी आम्ही दोघं जळगावहून त्यांच्याकडे गेलो होतो. मी आणि माझी जाऊ ओसरीवर लसूण सोलत बसलो होतो, आणि तो माणूस आला.

त्याने कोणी न सांगता पायरीखाली बूट काढले. हातात एक केळीचं रोप होतं, काळ्या पिशवीतलं, वीतभर उंचीचं, ताजं हिरवंगार. जावेला म्हणाला, "नमस्कार मावशी." मला म्हणाला, "नमस्कार मॅडम." हे मी तेव्हा ऐकलं आणि कुठेतरी ठेवून दिलं. दोघींच्या साड्या सुती, दोघींच्या मांडीवर लसणाची सालं. मग ती मावशी आणि मी मॅडम कशी?

त्याचं म्हणणं असं होतं, की ही केळी नेहमीची नाही. आपल्याकडची केळी गुणसूत्रांच्या तीन संचांची असते, ही चार संचांची. टेट्राप्लॉइड. हिला करपा लवकर धरत नाही, आणि संच चार म्हणून घडही तेवढा मोठा.

"गुणसूत्रं म्हणजे पोती नव्हेत," मी म्हणाले. "एक जास्त ठेवलं म्हणून गाडी जास्त भरेल असं नसतं."

तो हसला. "मॅडम, तुमच्यासारख्या जाणकारांशी आम्ही काय बोलणार? पण करप्याचं मात्र खरं आहे."

करप्याचं खरं असू शकतं, हे मलाही ठाऊक होतं. चार संचांच्या काही संकरित केळी खरोखरच रोगाला चिवट असतात. त्यामुळे मला त्याला सरळ खोटं ठरवता येईना. करप्याने पानं वाळून गेलेला एक हंगाम भाऊजींनी पाहिलेला होता. ते त्या रोपाकडे असे पाहत होते, की जणू सुनेला पहिल्यांदा घरात घेतायत.

"वहिनी, तुमाले सगयंच खोटं वाटते," ते मला म्हणाले. आमच्या पूर्वेकडच्या बोलीत ळ मऊ होऊन य होतो, हे तुम्हाला फोनवर ऐकून माहीत आहे. "मानूस चांगला हाये. बूट काढून आला."

"म्हणूनच," मी म्हणाले.

तो माणूस गेला, पण नमुन्याचं रोप ठेवून गेला. भाऊजी एकटे लावणार असते तर मी गप्प बसले असते. पण शेजारच्या चार-सहा शेतकऱ्यांनी आपली जमीन तयार करून ठेवली होती आणि ते सगळे एकच विचारत होते, नाना काय लावतात? भाऊजींनी हो म्हटलं की ते हो म्हणणार. करपा काही लागलीच येत नाही, घड काही महिन्याभरात निसवत नाही. केळी फसली हे कळायला वर्ष जातं. तोवर तो माणूस कुठे असेल कोण जाणे, आणि गावात राहतील भाऊजी, आणि त्यांचा शब्द.

ते रोप मी मांडीवर घेऊन जळगावला आणलं. गाडी नशिराबादजवळ आली तेव्हा आजोबा म्हणाले, "आता त्याच्यावर खटला भरणार का?"

"आधी साक्ष घेते," मी म्हणाले.

साक्ष कोणाची, ते सांगते. मी धुळ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, हे तुम्हाला माहीत आहे. कॉलेजने जुने सूक्ष्मदर्शक काढून टाकले तेव्हा त्यातला एक मी घेतला होता. तो आपल्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, जुन्या उशीच्या अभ्र्याखाली असतो. रसायनं मात्र नव्हती. जळगावात मिळाली असती, पण धुळ्याचा दुकानदार माझ्या ओळखीचा, म्हणून बहिणीला भेटण्याचं निमित्त करून मी धुळ्याला गेले. त्या दुकानदाराचे पूर्वज राजस्थानातून आलेले. तो बोलतो मात्र आमच्यासारखंच.

"सिल्व्हर नायट्रेट?" त्याने चष्मा वर केला. "मॅडम, तुम्ही तर रिटायर झाल्या ना?"

"झाले."

"मग घरी कशाला? केसांना लावणार असाल तर सांगतो, लावू नका. आमच्या आत्याने लावलं होतं, कपाळ काळं झालं."

"केसांना नाही."

"मुलामा?" त्याने आवाज खाली आणला. "जळगावात हल्ली तांब्यावर मुलामा देऊन चांदी म्हणून..."

"केळीच्या मुळांना लावायचं आहे," मी म्हणाले.

त्याने चष्मा परत नाकावर ठेवला. मुलामा म्हटलं असतं तर त्याचा विश्वास बसला असता. बाटली दिली, पण सोबत इतक्या सूचना दिल्या, की पूर्वी मी विद्यार्थ्यांना देत असे त्याही कमी वाटल्या.

आता थोरलीच्या पुस्तकातल्या ठिपक्याबद्दल. लक्ष देऊन वाच, कारण पुढचं सारं त्यावर आहे.

पेशीच्या मधोमध केंद्रक असतं आणि केंद्रकाला पातळ आवरण असतं, त्यात छिद्रं असतात. आत गुणसूत्रं असतात. आणि गुणसूत्रांच्या गुंत्यात एक किंवा अधिक गोल, घट्ट दिसणारे थेंब असतात. त्यांना केंद्रकी म्हणतात, इंग्रजीत न्यूक्लिओलस. या थेंबाला भिंत नाही, आवरण नाही. मी शिकत होते तेव्हा या गोष्टीने मला फार त्रास दिला. भिंत नाही, तर ती विरघळून का जात नाही? ज्याला दार नाही, त्याच्या आत काय चाललंय याचा भरवसा कसा धरायचा?

आता ते असं समजा. पेशीला प्रथिनं लागतात, आणि प्रथिनं बनवणारी यंत्रं म्हणजे रायबोसोम. ती पेशीत अगणित असतात. ती यंत्रं जिथे जुळवली जातात तो कारखाना म्हणजे केंद्रकी. काही गुणसूत्रांवर एका ठराविक जागी एकाच कामाची जनुकं ओळीने लागलेली असतात, माळेतल्या मण्यांसारखी. त्यांच्यावरून रायबोसोमचा आरएनए तयार होतो. कारखाना त्या जागेभोवतीच उभा राहतो. त्याचे तीन भाग दिसतात, एकात एक. अगदी आतल्या फिकट भागाच्या कडेला जनुकांची नक्कल सुरू होते. त्याभोवतीच्या दाट तंतूंच्या भागात ती लांबलचक नक्कल कापून, तासून नीट केली जाते. सगळ्यांत बाहेरचा भाग दाणेदार असतो. तिथे केंद्रकाबाहेरून आलेली प्रथिनं त्या आरएनएला चिकटतात आणि रायबोसोमचे दोन तुकडे, एक लहान, एक मोठा, तयार होत जातात. ते दोन तुकडे केंद्रकाच्या छिद्रांतून वेगवेगळे बाहेर पडतात आणि काम आलं की बाहेरच एकत्र येतात. जी पेशी जोरात वाढते तिची केंद्रकी मोठी असते. आळशी पेशीची लहान. म्हणून मला 'ठिपका' हा शब्द आवडला नाही. भट्टीला कोणी ठिपका म्हणत नाही.

आणि चांदीचं काय? केंद्रकीतली काही प्रथिनं चांदीला धरून ठेवतात. मुळाचं कोवळं टोक मऊ करून काचेवर दाबायचं, सिल्व्हर नायट्रेट घालून जरा ऊब द्यायची. पेशी मधासारखी सोनेरी होते आणि केंद्रकी तेवढी काळीभोर उठते. मी त्यासाठी गरम पाण्याच्या पातेल्यावर स्टीलची ताटली पालथी घालते. त्या ताटलीला आणि पातेल्याला लाल नेलपॉलिशची खूण आहे, म्हणजे स्वयंपाकात कोणी घेणार नाही. तरी आजोबा रोज वरणाच्या वाटीची खूण तपासतात.

आता केळीकडे या. केळीच्या प्रत्येक संचात केंद्रकी उभी करणारी अशी जागा एकच असते. संच तीन, तर जागा तीन, आणि एका पेशीत केंद्रकी जास्तीत जास्त तीन. चार संच असतील तर चार दिसायला हव्यात. एवढा सोपा हिशोब. मी नमुन्याच्या रोपाची पांढरी मुळं काढली, टोकं कापली, अल्कोहोल आणि ॲसिडच्या मिश्रणात बुडवून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी डोळा लावून बसले.

बहुतेक पेशींत एकच मोठी काळी केंद्रकी होती. पुष्कळ पेशींत दोन. काहींत तीन. चार कुठेही नाहीत. मी काच सरकवत राहिले, मान आखडली, चार मिळाल्या नाहीत. मला आनंद झाला, हे लिहायला हवं. बूट काढून येणाऱ्या माणसाबद्दल मी बरोबर होते.

भाऊजींना फोन केला. "तीनच आहेत."

थोड्या वेळाने त्यांचा उलटा फोन आला. "वहिनी, मी त्याले विचारलं. तो म्हनते, त्या केंद्रक्या एकमेकींत मियतात. म्हनून कमी दिसतात. मॅडमले विचारा, त्याइले माहीत हाये म्हनते."

आणि त्याचं म्हणणं खरं होतं. केंद्रकी थेंबासारखी असते म्हटलं ना? तुम्ही इथे आलात तेव्हा शेवभाजीवरची तर्री आठवते? तेलाचे लहान लहान लाल थेंब तरंगत असतात, दोन जवळ आले की त्यांचा एक होतो, आणि भाजी थोडी थांबली की मोजकेच मोठे थेंब उरतात. केंद्रकींचं अगदी तसंच होतं. पेशीचं वय वाढलं, की वेगवेगळ्या केंद्रकी जवळ येऊन एक होतात. म्हणजे तीन दिसल्या यावरून चार नव्हत्याच असं म्हणता येत नाही.

पण मला वेगळीच गोष्ट खटकली. रोपं विकणाऱ्या माणसाला केंद्रकी मिळून जातात हे कसं ठाऊक? आणि मला ते ठाऊक आहे, हे त्याला कसं ठाऊक?

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं नाही. केंद्रकीच्या प्रश्नाचं मात्र मिळवता येत होतं. पेशीचं विभाजन व्हायला लागलं की केंद्रकी विरून जाते, कारखाना बंद. एका पेशीच्या दोन झाल्या, की त्या दोन बाळपेशींत प्रत्येक जागा पुन्हा आपापली छोटी केंद्रकी उभी करू लागते. त्या वेळी त्या अजून मिळालेल्या नसतात. म्हणून मोजायचं तर नुकत्या जन्मलेल्या जोडपेशींत मोजायचं. आणि जोडपेशी भरपूर हव्या असतील तर मुळं सकाळची हवीत, तेव्हा विभाजन जोरात असतं. मी काढली होती दुपारी, स्वयंपाक, भांडी, सारं आवरून झाल्यावर. वर्गात मी मुलींना यावरून किती बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा मी पिंप भरायच्या आधी मुळं कापली. आजोबा म्हणाले, "पाणी जाईल." पाणी गेलं. पण काचेवर मला जोडपेशी मिळाल्या, शेजारी शेजारी, आरशात पाहिल्यासारख्या, आणि दोन्हींत चार चार बारीक काळे ठिपके. एकीत आहेत, दुसरीत नाहीत, असं नाही, जोडीमागून जोडी. चार.

मी भाऊजींना खरं ते सांगितलं. "रोप चार संचांचं आहे. त्याने या बाबतीत खोटं सांगितलेलं नाही."

"मी म्हनलोच होतो!" पलीकडून त्यांचा आवाज इतका मोठा आला, की आजोबांनी पेपर खाली ठेवला. नंतर जावेकडून कळलं, की त्याच संध्याकाळी भाऊजी पारावर सांगत होते, "आमच्या वहिनीनं यंत्रात पाह्यलं. पेशीच्या आत जाऊन पाह्यलं. चार म्हंजे चार." शेजाऱ्यांनी आपापली मागणी दिली.

ते ऐकल्यावर मला ती गोष्ट कळली, जी ओसरीवर कळायला हवी होती. तो मला मॅडम म्हणाला होता. त्याला येण्याआधीच माहीत होतं, की नानांच्या घरात वनस्पतिशास्त्राची बाई आहे आणि ती रोप तपासल्याशिवाय राहणार नाही. म्हणून त्याने ते रोप ठेवलं. विसरून नाही, मुद्दाम. मी त्याच्यावर संशय घ्यावा, तपासावं आणि गावासमोर त्याची बाजू घ्यावी, हेच त्याला हवं होतं. माझा संशय त्याच्या कामाला आला होता.

हे मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तो खरं बोलला, म्हणून तो लबाड?"

"गाडी आली की कळेल," मी म्हणाले.

गाडी आली. भाऊजींच्या गोठ्यामागे हिरवी जाळी बांधून रोपं उतरवली होती. मी गेले आणि वाकून या कोपऱ्यातलं एक, त्या कोपऱ्यातलं एक, मधलं एक, अशी रोपं निवडू लागले. तो माणूस तिथेच उभा होता.

"मॅडम, पुन्हा?"

"पुन्हा."

"पण तुम्हीच पास केलंय."

"मी त्या रोपाला पास केलं होतं. गाडीला नाही."

तो हसला, पण बूट घालून उभा होता, हे मी पाहिलं. "लवकर लावा," तो भाऊजींना म्हणाला. "पिशवीत मुळं गुंडाळली की रोप बसून जातं."

मी मुक्काम करून सकाळी त्यांची मुळं काढली, जळगावला आले. जोडपेशी पाहिल्या. तीन आणि तीन. दुसऱ्या रोपात तीन आणि तीन. तिसऱ्यात, चौथ्यात, तेच. नमुन्याच्या रोपाची जुनी काच पुन्हा लावून पाहिली, तिच्यात चारच होते. डोळ्यांत बिघाड नव्हता.

ती रोपं वाईट होती, असं मी म्हणत नाही. बहुधा आपल्या नेहमीच्या केळीचीच, चांगली निरोगी रोपं. पण चार म्हणून तीन दिलेली. आणि करप्याच्या भरवशावर शेजारी फवारणीत हात आखडणार होते.

मी फोनवर हे सांगितलं तेव्हा भाऊजी खरंच चिडले. "पह्यले तीन, मंग चार, आता परत तीन! वहिनी, तुमचं यंत्र हाये का पंचांग? मी लोकाइले काय सांगू?"

"जे आहे ते."

"लोक म्हनतीन, नानाच्या घरात एक मत नही. म्हनतीन, बाईले काई समजत नही, अन् नाना बाईचं आयकते." त्यांचा आवाज खाली आला. "मले तुमच्यावर भरोसा नही असं नही. पन मी डोयानं पाह्यलेलं नही ना."

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पारावर एकदा दिलेला शब्द फिरवायचा, तो कोणाच्या तरी खोलीतल्या काळ्या ठिपक्यावरून, आणि तो ठिपका आधी एकदा फिरलेला.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याने मात्र मला चकित केलं. एका सकाळी ते स्वतः जळगावला आले, बसने, हातात कापडी पिशवी. पिशवीत कागदाच्या ओलसर पुड्या. कोणत्याही पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. त्या त्यांनी टेबलावर ओळीने मांडल्या आणि खुर्ची ओढून बसले.

"यातली कोनती कुठची, मले माहीत हाये. तुमाले नही. सांगा."

"भाऊजी, माझी परीक्षा घेताय?"

"तुमी आयुष्यभर घेतली ना लोकाइची?"

आजोबा दारात उभे होते. त्यांना इतकं हसू आलं, की ते चहा करायला निघून गेले.

मी पुड्या उघडल्या. पहिल्या तिन्हींत केळीची मुळं, जाड, दोरीसारखी, पांढरी. चौथीतली मुळं बारीक, सुतासारखी, स्वच्छ धुतलेली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

रंगवण्याआधी मुळं एक रात्र त्या मिश्रणात ठेवावी लागतात, म्हणून ते मुक्कामाला राहिले. सकाळी मी एकेक काच लावली. पहिलीत तीन. दुसरीत चार. तिसरीत तीन. चौथी लावली आणि म्हणाले, "ही केळीच नाही, भाऊजी. हा कांदा आहे."

ते उभे राहिले. "कांदा?"

"केंद्रकं ही एवढाली आहेत, गुणसूत्रं दांडक्यांसारखी. घरातला कांदा पाण्यावर ठेवून मुळं काढलीत ना?"

"तुमच्या जाऊबाईनं काढली. म्हने, वहिनीले हे सापडनार नही."

त्या बारीक मुळांकडे पाहूनच मी कांदा ओळखला होता, सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

"पहिली आणि तिसरी तीन संचांच्या," मी पुढे म्हणाले. "त्यातली एक गाडीतली असणार, दुसरी कुठली ते मला यावरून सांगता येणार नाही. तीन संचांच्या केळी पुष्कळ. दुसरी मात्र नमुन्याच्या रोपाची."

भाऊजी हळूच खाली बसले. पहिली पुडी गाडीतल्या रोपाची होती. तिसरी त्यांच्या स्वतःच्या जुन्या केळीची, बांधाकडची. मग त्यांनी टोपी काढून ठेवली आणि म्हणाले, "आता मले दाखवा."

डोळा कुठे ठेवायचा, पापणी कशी आवरायची, हे शिकवण्यातच वेळ गेला. "काई दिसत नही... माहे केस दिसू राह्यले..." मग एकदम त्यांना दिसलं. बोट हवेत धरून मोजत होते. मी काच बदलली. पुन्हा बोट.

"भिंत दिसत नही त्याले," ते म्हणाले.

"नसतेच."

"तरी सांडत नही."

"नाही सांडत."

ते सावद्याला गेले आणि पारावर उभं राहून सांगितलं, की लावू नका, मी चुकीचं सांगितलं होतं. कोणीतरी विचारलं, पुन्हा वहिनीनं पाह्यलं का? ते म्हणाले, "नही. मी पाह्यलं." रोपं परत गेली. तो माणूस न्यायला आला तेव्हा म्हणाला, की लॅबमध्ये मिसळ झाली असेल, ड्रायव्हरने दुसऱ्याची गाडी आणली असेल. असेलही. मला वाटतं तसं नसेल, पण ते मला काचेवर दाखवता येत नाही. शेजाऱ्यांनी त्यांची नेहमीची केळी लावली, नेहमीसारखी फवारणी ठेवून. दोघे मात्र अजूनही भाऊजींशी जरा तुटक बोलतात, त्यांची लागवड उशिरा झाली म्हणून.

नमुन्याचं रोप मी गाडी आली तेव्हाच भाऊजींना परत दिलं होतं. भाऊजींनी ते विहिरीजवळ लावलं आहे आणि भोवती काटे टाकले आहेत. त्याला घड येईल, पिलं फुटतील, ती सगळ्यांना वाटायची असा त्यांचा बेत आहे. पण आता एक नवीन सुरू झालं आहे. जाऊ म्हणते, दर थोड्या दिवसांनी ते त्या रोपाचं एक मूळ काढतात, ओल्या कागदात गुंडाळतात आणि जळगावला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवतात. मी फोन करून सांगितलं, "भाऊजी, रोप तेच आहे, ते बदलत नाही. एकदा चार, म्हणजे चारच राहणार."

"रोप बदलत नही," ते म्हणाले, "पन बदलून नेनारा मानूस असते. परवा विहिरीपाशी कोनी तरी उभं होतं. बूट घातलेला."

मागच्या रविवारी सकाळी त्यांची पुडी आली, तुमचा फोन यायच्या काही तास आधी. तिच्यासाठी रंग तयार करताना बाटली कलंडली आणि बोटं काळी झाली. आईला सांगा, साखर ठीक आहे. पुडीतली मुळं मी अजून काचेवर घेतलेली नव्हती तेव्हा, पण उघडल्याबरोबर आधी वास घेतला. कांद्याचा नव्हता.